ओळीच्या शेवटी

दहीपुलावर दही मिळत नाही,
पूल कुठे होता हेही आता आमच्यासारख्यांनाच विचारावं लागतं.
शब्द मात्र अजून एकसंध.
त्याच्या पोटात, एका बोळात, आमचा छापखाना होता,
तिथे मी एकोणीस वर्षं खिळे जुळवले.

पहिल्याच लग्नसराईत विधात्यांची पत्रिका आली.
ओळ भरली, जागा संपली,
मी 'आगमनाची' मधोमध तोडला.
वर राहिलं: 'आपल्या आग-'
आणि खाली निवांत: 'मनाची वाट पाहत आहोत.'
तीनशे प्रती. कागद माझ्या पगारातून.
कोठुळे मालक चष्मा पुसत म्हणाले,
शब्द कुठेही मोडतो रे,
तोडायचा मात्र सांध्यावर.
खाटकाला विचार.

खिळे भंगारात गेले. मी काँप्युटर शिकलो.
आणि आमची शलाका, सिव्हिलमधली नर्स,
कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर
नॉर्वेची भाषा शिकायला लागली.
जावई आधीच तिकडे, मासे गोठवायच्या कारखान्यात.
मी तिला कार्डं छापून दिली, देवनागरीत, जाड कागदावर.
भाकरी होईपर्यंत मी दाखवायचो, ती ओळखायची.

सिकेहूस. सिके आजारी, हूस घर.
"म्हणजे आपलंच की,"
बायको तव्यापाशी गुडघा चोळत म्हणाली.

आर्बाइड्सप्लास. कामाची जागा.
मधला हा 'स' कुणाचा, मी विचारलं,
कामाचा की जागेचा?
"कुणाचाच नाही, पप्पा. सांध्यातला आहे."
मला आपलं 'घराचा' आठवलं.
इकडे घर, तिकडे चा,
मधला काना दोघांच्याही नावावर नाही,
पण काढून बघा, दार कुरकुरतं.

लामेलोर. जोडून लिहिलं तर कोकराची तंगडी.
मध्ये फट पडली तर लुळ्या मांड्या.
"फट सोडू नकोस गं, पेशंट घाबरेल."
"आणि जोडून लिहिलं तर त्याला शिजवतील,"
ती म्हणाली, आणि आम्ही इतके हसलो
की भाकरी करपली.

मग तोडायचे नियम.
साधा शब्द असेल तर
दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या ओळीत जातं.
जोडशब्द असेल तर हे सगळं विसरायचं,
आधी सांधा शोधायचा.
मी म्हटलं, हे मला तीनशे पत्रिकांत कळलं होतं,
तुझ्या क्लासची फी केवढी?
ती मात्र पहिलाच नियम पुटपुटत राहिली,
एकटं व्यंजन पुढच्या ओळीत,
एकटं व्यंजन पुढच्या ओळीत,
आणि बॅगेत मेतकूट भरत राहिली.

गेली त्याला चौदा महिने झाले.
परवा दुकानात बसलो होतो,
समोर एका द्राक्षवाल्याचं लेटरहेड,
तेवढ्यात फोन थरथरला.
तिचा मेसेज, एवढाच:
'बार्ने-'

पुढे आडवी रेघ.
जुळाऱ्याला रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही:
शब्द संपलेला नाही, खाली बघ.
खाली काही नव्हतं.
मी चष्मा पुसला. पंख्याचा आवाज ऐकला.
बार्न म्हणजे मूल, ते कार्ड पाठ होतं,
मागचा 'ए' सांध्यातला, तेही पाठ होतं,
म्हणजे ती सांध्यावर तोडून थांबली होती,
मुद्दाम, माझ्यासाठी,
एवढ्या लांबून खोडी काढत.

मग खाली उमटलं:
'बार्न.'

मूल, आणि तो कुणाचाच नसलेला ए,
आणि मुलाचं मूल.

"काका," द्राक्षवाला म्हणाला,
"पिंपळगाव बसवंत एका ओळीत बसेल ना?"
बसवू म्हटलं.
नाहीच बसलं
तर तोडू नीट. काळजी नको.
आणि त्याला, गरज नसताना, चहा सांगितला.